बर्फातल्या दोन पिशव्या

गेली सव्वीस वर्षं उमरखेडात माझं औषधाचं दुकान आहे. या सव्वीस वर्षांत गिऱ्हाइकाला मी सगळ्यात जास्त वेळा काय सांगितलं असेल, तर "हे फ्रीजमध्ये ठेवा." इन्सुलिन, कुत्रं चावल्यावरची लस, धनुर्वाताचं इंजेक्शन, डोळ्यांत घालायचे काही थेंब. ज्यांच्या घरी फ्रीज नाही त्यांना माठाखालच्या ओल्या वाळूत डबी पुरून ठेवायला सांगतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्यात लाइन गेली की दुकानातल्या फ्रीजचं दार कुणी उघडू नये म्हणून मी त्यावर चिकटपट्टी मारतो आणि समोर स्टूल टाकून बसतो. औषध जपायचं म्हणजे थंड ठेवायचं, हे अंगात मुरलेलं. त्यामुळे पुढे जी चूक माझ्या हातून झाली ती अज्ञानापेक्षा सवयीनं झाली, असं मी स्वतःला समजावतो. घरचे तसं म्हणत नाहीत.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर पुतण्याला डेंग्यू झाला. वय एकोणीस. गावातल्याच एका खाजगी दवाखान्यात भरती केलं. आमच्या भागात डेंग्यूचा पेशंट म्हटला की सगळं गाव एकच प्रश्न विचारतं, "पेशी किती?" कापसाचा भाव विचारावा तसा. पुष्कळ जण 'पांढऱ्या पेशी' म्हणतात, ते चूक आहे. पांढऱ्या पेशी वेगळ्या, त्या जंतूंशी लढतात. या प्लेटलेट. शाळेच्या पुस्तकात त्यांना रक्तपट्टिका म्हणतात, काही ठिकाणी बिंबिकाही वाचलं आहे, पण रिपोर्ट हातात घेऊन 'बिंबिका किती' असं विचारणारा मला अजून भेटायचा आहे. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात त्या दीड ते साडेचार लाख असतात. पोराच्या आधी ६२ हजार आल्या, दुसऱ्या दिवशी ३१, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी १८. घरात रडारड सुरू झाली. पपईच्या पानांचा रस, किवी, शेळीचं दूध, जो जे सांगेल ते सुरू झालं. भाऊ डॉक्टरांच्या मागे लागला, पेशी चढवा. डॉक्टरांनी चार पिशव्यांची चिठ्ठी लिहून दिली.

आमचा जिल्हा यवतमाळ, पण दुखणं मोठं झालं की उमरखेड नांदेडकडे धावतं. यवतमाळ शंभरावर किलोमीटर, नांदेड सत्तरच्या आसपास. पैनगंगा ओलांडली की विदर्भ संपून मराठवाडा लागतो, पण दवाखान्याच्या बाबतीत आम्ही केव्हाचेच मराठवाड्यात गेलेलो आहोत. रात्री नऊला गाडी काढली. नागपूर-तुळजापूर रस्त्याचं चौपदरीकरण चालू होतं. कुठे डांबर, कुठे नुसता मुरूम. निघताना इन्सुलिनच्या पार्सलची थर्माकोलची पेटी न विसरता बरोबर घेतली होती.

रक्तपेढीत खिडकीत एक कोवळं पोरगं होतं. त्यानं कागदपत्रं तपासली, चार पिशव्या एका खोक्यात ठेवल्या आणि म्हणाला, "काका, याला बर्फ लावू नका. फ्रीजमध्येही ठेवायचं नाही. थेट दवाखान्यात न्या." मी मान हलवली. मनात म्हटलं, नवीन दिसतंय. रक्त थंड ठेवायचं नाही तर काय चुलीवर ठेवायचं? अर्धापूरला एका ढाब्यावर गाडी थांबवून बर्फ घेतला. पेटी लहान, तिच्यात दोनच पिशव्या मावल्या. उरलेल्या दोन खोक्यातच मांडीवर घेऊन बसलो, आणि त्या दोघींचं कसं होईल याचीच काळजी करत राहिलो.

रात्री साडेबाराला दवाखान्यात पोचलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी आधी खोक्यातली पिशवी घेतली, दोन्ही कडांना धरून ट्यूबलाइटसमोर उचलली आणि हलकेच डोलवली. आत फिकट पिवळं, हळदीचा हात धुतलेल्या पाण्यासारखं काहीतरी. ते हललं तशी त्यातून एक चकाकती लाट फिरली, वळली, विरली, पुन्हा उमटली. कार्तिकात भल्या पहाटे पैनगंगेच्या पात्रावर धुई सरकते तशी. मग त्यांनी पेटीतली पिशवी उचलली. तिला हात लावताच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तरीही ती उजेडासमोर धरली, डोलवली. तोच रंग, तसंच प्लास्टिक, तेवढंच माप. पण नुसतं पाणी हललं, लाट आली नाही. गढूळ वरणाच्या पाण्यासारखी मंद, मेलेली.

"काका, बर्फात आणलं?"

मी काय बोलणार. त्यांनी त्या दोन पिशव्या बाजूला ठेवल्या. खोक्यातल्या दोन चढवल्या.

ती लाट का आली नाही, हे मला कळायला पुढे बरेच दिवस लागले. डॉक्टरांना वेळ मिळेल तेव्हा विचारलं, पुस्तकं चाळली, मोबाइलवर वाचलं. दुकानात दुपारी एक ते चार गिऱ्हाईक नसतं, त्या वेळात.

प्लेटलेट म्हणजे रक्तातला सगळ्यात लहान कण, दोन-तीन मायक्रॉनचा, थाळीसारखा चपटा. गव्हाच्या उभ्या शेतावरून वारा गेला की पीक एका बाजूला झुकतं आणि शेताचा रंग क्षणभर बदलतो, तसं पिशवीतल्या लाखो-कोटी थाळ्या एका दिशेला वळल्या की उजेड चमकतो. थाळी थाळीच राहिली तरच हे होतं. तिच्या कडेच्या आतून बारीक नळ्यांचं एक कडं असतं, डफाला असतं तसं. त्या कड्यावर तिचा चपटेपणा ताणलेला असतो. थंडी लागली की कडं विरघळतं. थाळीचा गोळा होतो आणि त्या गोळ्याला सराट्यासारखे काटे फुटतात. गोळा कुठूनही पाहा, सारखाच दिसतो. म्हणून लाट नाही.

थंडीनं प्लेटलेट मरते असं मी समजत होतो. तसं नाही. ती जागी होते. शरीरात कुठे कापलं, खरचटलं की प्लेटलेट हेच करते: थाळीपण सोडून काटे काढते आणि जखमेला जाऊन चिकटते. बर्फात तिला जखम नसताना जखमेची हाक ऐकू येते. काही शास्त्रज्ञांचं म्हणणं असं की यात शरीराचं शहाणपणही असावं. गारठा आधी हातापायांना, कातडीला लागतो आणि माणसाला जखमाही बहुधा तिथेच होतात. म्हणून तिथून जाणारी प्लेटलेट अर्धी तयारीत असलेली बरी. हे तर्क आहेत, पण मला पटतात.

अशी खोट्या हाकेनं जागी झालेली प्लेटलेट रुग्णाला चढवली की काय होतं, हे १९६९ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या स्कॉट मर्फी आणि फ्रँक गार्डनर यांनी दाखवून दिलं. त्याआधी प्लेटलेटसुद्धा रक्तासारख्या चार अंशांवर ठेवत. मर्फी आणि गार्डनर यांनी प्लेटलेटना किरणोत्सारी खूण लावली आणि परत शरीरात सोडल्यावर त्या किती दिवस फिरतात ते मोजलं. शरीरात प्लेटलेटचं आयुष्य आठ-दहा दिवसांचं. खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या बऱ्याच दिवस फिरत राहिल्या. रात्रभर थंडीत काढलेल्या फार लवकर नाहीशा झाल्या. तेव्हापासून जगभर प्लेटलेट २० ते २४ अंशांत ठेवायला लागले, आणि आपल्याकडचा नियमही तोच आहे. पाच दिवस, न थांबता हलत्या तबकावर. हलवायचं कशासाठी, तर त्या जिवंत आहेत, त्यांना प्राणवायू लागतो आणि त्यांनी सोडलेलं आम्ल एका जागी साचता कामा नये. पिशवीचं प्लास्टिकही वेगळं, हवा आत-बाहेर करू देणारं. हे वाचलं तेव्हा मला त्या रात्रीचा रस्ता आठवला. मांडीवरच्या दोन पिशव्यांना चौपदरीकरणाच्या खड्ड्यांनी सत्तर किलोमीटर फुकटात हलवलं होतं. त्या रस्त्याचा दुसरा काही उपयोग झालेला मला माहीत नाही.

थंड प्लेटलेट जातात कुठे, याचं उत्तर मात्र २००३ पर्यंत थांबलं. बॉस्टनच्या करीन हॉफमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की थंडीत प्लेटलेटच्या पृष्ठभागावरचे काही रेणू एका जागी गोळा होतात, त्यांच्यावरची साखर उघडी पडते आणि यकृतातल्या भक्षक पेशी ती ओळखून प्लेटलेट गिळून टाकतात. मग त्यांनी त्या उघड्या टोकावर दुसऱ्या साखरेची टोपी घातली. उंदरांत युक्ती चालली. माणसांत चालली नाही.

'खोलीचं तापमान' हा शब्द वाचून मला हसू आलं होतं. २२ अंश ही कुणाची खोली? उमरखेडात अशी खोली दसरा-दिवाळीनंतर आणि होळीच्या आधी काही रात्री मिळते. डिसेंबरात पहाटे त्याच्या खूप खाली, एप्रिल-मे महिन्यांत त्याच्या दुप्पट. आमच्यासाठी २२ अंश म्हणजे यंत्रानं, विजेनं, जनरेटरनं सांभाळायची गोष्ट. तालुक्याच्या गावी रक्त साठवण्याची सोय झाली तरी ती दोन ते सहा अंशांच्या फ्रीजची असते. लाल पेशींची पिशवी तिथे ३५ दिवस, काही द्रावणांत ४२ दिवस गुण्यागोविंदानं राहते. प्लाझ्मा तर उणे ३० अंशांवर गोठवून वर्षभर. एकाच माणसाच्या एकाच वेळी काढलेल्या रक्ताचे हे तीन भाग, आणि तिघांची तऱ्हा तीन. संयुक्त कुटुंबात वाढलेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

उबेत ठेवायचं म्हटलं की दुसरं संकट येतं. २२ अंश प्लेटलेटला मानवतात तसे जंतूंनाही मानवतात. दात्याच्या कातडीवरचा एखादा जंतू सुईबरोबर आत गेला तर पाच दिवसांत त्याची वसाहत होते. म्हणून मुदत पाचच दिवसांची, आणि त्यातलाही बराच वेळ तपासण्यांत जातो. २०२२ च्या ऑक्टोबरात प्रयागराजला डेंग्यूच्या रुग्णाला प्लेटलेट म्हणून मोसंबीचा रस चढवला, अशी बातमी देशभर फिरली होती. माझ्या दुकानात त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता. पुढे प्रशासनानं सांगितलं की पिशवीत रस नव्हता, नीट न साठवलेल्या प्लेटलेट होत्या. ही दुसरी बातमी कुणी वाचली नाही. मी वाचली, आणि अर्धापूरच्या ढाब्यावरचा बर्फ आठवला.

इथपर्यंत आलो तेव्हा माझा निकाल लागलेला होता: थंडी वाईट, ऊब चांगली, पोरगं बरोबर, मी चूक. पण गेल्या काही वर्षांत वाचलेलं वेगळंच आहे.

अमेरिकेच्या लष्करासमोर आमच्यासारखीच अडचण होती, फार मोठ्या प्रमाणावर. रणभूमीवर हलतं तबक आणि २२ अंशांची खोली कुठून आणणार? आणि तिथल्या रुग्णाला आठ दिवस फिरत राहणाऱ्या प्लेटलेट नको असतात. वाहतं रक्त आत्ता, या घटकेला थांबवणाऱ्या हव्या असतात. फ्रीजमधल्या प्लेटलेट अर्ध्या जाग्या असतात, त्यामुळे चिकटण्याच्या कामात त्या उलट चपळ निघाल्या. त्यांच्यात जंतूही फारसे वाढत नाहीत, त्यांना हलवावंही लागत नाही. नॉर्वेतल्या बर्गेनच्या डॉक्टरांनी यावर बरंच काम केलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१५ साली रक्तस्राव होत असलेल्या रुग्णांसाठी तीन दिवसांपर्यंत थंड प्लेटलेटना वाट मोकळी केली आणि २०२३ साली नेहमीच्या प्लेटलेट मिळत नसतील तेव्हा चौदा दिवसांपर्यंत.

म्हणजे माझ्या पेटीतल्या त्या दोन पिशव्या माझ्या पुतण्यासाठी निकामी होत्या. त्याच रात्री त्याच रस्त्यावर एखादा ट्रकखाली आलेला माणूस असता, किंवा बाळंतपणात रक्त थांबत नसलेली एखादी बाई, तर जगातल्या काही दवाखान्यांत थंड ठेवलेली पिशवी त्यांच्यासाठी मुद्दाम फ्रीजमधून काढली गेली असती. अर्थात नियमानं, मोजून-मापून थंड केलेली, ढाब्यावरच्या बर्फातली नव्हे. माझी चूक चूकच राहते. पण 'पिशवी चांगली की खराब' हा प्रश्न कुणासाठी, असं विचारल्याशिवाय सुटत नाही, हे मला या वयात नव्यानं कळलं. केमोथेरपी चाललेल्या मुलाला टिकणारी प्लेटलेट हवी, तिला ऊब लागते. रस्त्यावर रक्त सांडणाऱ्याला धावून येणारी हवी, तिला थंडी चालते. आणि उमरखेड, पुसद, महागाव, हदगाव, किनवट यांसारख्या गावांत फ्रीज आहे, हलतं तबक नाही. आपल्याकडे कुणी तज्ज्ञांनी याचा विचार करायला घेतला, तर तो शहराच्या मोठ्या दवाखान्यापासून न करता आमच्या टोकाकडून सुरू करावा असं मला वाटतं. आमचा अपघाताचा रुग्ण गोल्डन अवर का काय म्हणतात तो नांदेडच्या वाटेवरच घालवतो.

दुसरी एक गोष्ट लक्षात आली ती रक्तदान शिबिरांची. १४ एप्रिलला, १ जुलैला वसंतराव नाईक जयंतीला, गणपतीत, पुढाऱ्यांच्या वाढदिवसांना आमच्याकडे शिबिरं होतात आणि पोरं रांगा लावून रक्त देतात. त्या रक्तातून प्लेटलेट वेगळ्या करायच्या तर रक्त काढल्यापासून सहा तासांच्या आत करायला लागतात, आणि तोवर ती पिशवी बर्फात ठेवून चालत नाही. सकाळी नऊला पहिल्या दात्यानं दिलेली पिशवी तीनपर्यंत रक्तपेढीत यंत्रावर चढायला हवी. शिबिर मात्र पाहुणे येईपर्यंत, सत्कार होईपर्यंत, फोटो निघेपर्यंत चालतं. गाडी संध्याकाळी निघते. लाल पेशी मिळतात, प्लेटलेट जातात. ज्याच्या वाढदिवसाला शिबिर असतं त्याला हे कुणी सांगत नाही. मी एकदा सांगून पाहिलं. त्यांनी मला स्टेजवर बोलावून शाल दिली.

पुतण्याचं सांगायचं राहिलं. दोन पिशव्या चढल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच्या पेशी २४ हजार झाल्या, तिसऱ्या दिवशी ४० आणि मग आपोआप वाढतच गेल्या. पपईवाले म्हणाले पपईनं, शेळीवाले म्हणाले दुधानं. मी मनातल्या मनात खोक्यातल्या दोन पिशव्यांना श्रेय देत होतो. डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांना विचारलं, "त्या दोन खराब झाल्या नसत्या तर पोरगं लवकर उठलं असतं का?" त्यांनी थोडं थांबून उत्तर दिलं, "काका, खरं सांगू? त्याला चढवलेल्या दोनही बहुतेक लागल्या नसत्या." डेंग्यूत रक्तस्राव नसेल तर पेशी दहा हजारांच्या खाली गेल्याशिवाय सहसा प्लेटलेट चढवत नाहीत. खरा धोका ताप उतरतो त्या दिवसांत असतो, रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपतं तेव्हा. त्या वेळी नाडी, रक्तदाब, लघवी आणि सलाइनचा हिशोब पाहायचा असतो. आम्ही तीन दिवस त्या पोराच्या लघवीबद्दल एकदाही विचारलं नव्हतं. नुसतं पेशी किती, पेशी किती. "मग चिठ्ठी का लिहिलीत?" मी विचारलं. ते म्हणाले, "तुमच्या घरचे वीस जण दारात उभे होते."

यावर मला राग यायला हवा होता. आला नाही. त्या वीस जणांत मी होतो.

आता पेशींच्या पिशवीसाठी कुणी रात्री दुकानाचं शटर वाजवलं की मी आधी विचारतो, रक्त कुठून जातंय का, आणि डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलंय की तुम्ही मागितलंय. खरंच लागणार असेल आणि रुग्णाला नांदेडला हलवायचंच असेल, तर त्याच्याबरोबर धडधाकट दाता न्यायला सांगतो. यंत्रावर एकाच माणसाकडून काढलेल्या प्लेटलेट, ज्याला एसडीपी म्हणतात, साध्या पिशवीच्या पाच-सहापट भरतात. तास-दीड तास बसावं लागतं, लाल रक्त परत अंगात जातं. दात्याची नस ठळक हवी, पेशी दीड लाखांच्या वर हव्यात आणि त्यानं तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नको. अंगदुखीची गोळी म्हणून कोणती खाल्ली ते पाकीट दाखवायला सांगा, आमच्याकडे कुणालाच नाव माहीत नसतं. गाडीत बसून गेलेला दाता ही प्लेटलेट नेण्याची सगळ्यात चांगली पेटी आहे, ३७ अंशांची आणि रस्ता कसाही असला तरी न सांडणारी.

आणि पिशवीच आणायची असेल तर थर्माकोलची पेटी माझ्या दुकानातून घेऊन जा, उन्हापासून बचाव होतो. पैसे नकोत. तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी मार्करनं लिहून ठेवलं आहे: यात बर्फ टाकू नये. त्याउपर खिडकीतलं पोरगं काही सांगेल, ते ऐका.